दोरीवरची गाठ : जुनी मोठी बोट आणायला देवबागहून गोव्यात

सर्वपित्रीला पानं वाढून झाली आणि संध्याकाळच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मी, भावोजी आणि पुतण्या बांबू घेऊन खाडीत उतरलो. आमच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि मिळता मिळता वाळूचा पट्टा दरवर्षी इकडचा तिकडे करून ठेवते. आमची २६ फुटी फायबर होडी तिथून केव्हाही निघते. मागे बाहेरून लावलेलं आऊटबोर्ड मशीन जरा वर उचललं की झालं. आता घ्यायची होती ती आत मशीन बसवलेली बोट. तिचा पाण्याखालचा पंखा वर उचलता येत नाही. अमावास्येच्या तळाच्या पाण्यात, सगळ्यांत उथळ जागी बांबू भिजला ३ फूट २ इंच. बांबू गाडीत मावणार नव्हता, म्हणून तेवढ्या मापावर एका नायलॉनच्या दोरीला गाठ मारली आणि ती दोरी मी पर्समध्ये टाकली.

आमच्या घरात हे खोल्या बघतात, भावोजी पाणी बघतात आणि दोघांचे हिशेब मी. मोठी बोट हे भावोजींचं जुनं वेड. मला ते पटलं ते २०२२ च्या मे महिन्यानंतर. तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, आणि त्यानंतर आमच्या होडीत दहा माणसं एका कुशीला सरकली की माझ्या पोटात गोळा यायला लागला. रुंद बोट हवी, हे तेव्हाच ठरलं. नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुनी.

पहिला दिवस : सीमोल्लंघन

दसऱ्याला गाडीची, होडीची, मशीनची पूजा केली, आपट्याची पानं वाटली आणि दुपारी निघालो. कुडाळला बोटींची पारख असलेले मेस्त चढले. त्यांच्या पिशवीत लाकडी हातोडी, बॅटरी, काठीला बांधलेला छोटा आरसा आणि एक पांढरा रुमाल. पत्रादेवीला हद्द ओलांडताना भावोजी म्हणाले, "वैनी, ह्या खरा सीमोल्लंघन." सोनं लुटायला निघालेल्यांच्या खिशात मात्र २ लाखांच्या टोकनापुरतीच ऐपत होती.

पणजीसमोरच्या बेतीला उतरलो. संध्याकाळी मालीमच्या जेटीवर नुसतीच चक्कर मारली. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे, बर्फाचा चुरा पायाखाली, आणि बांगड्याचा तो वास, जो कोकणातल्या माणसाला वास वाटतच नाही. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याने भावोजींना विचारलं, बोट बघायला बाईमाणूस कशाला? भावोजींनी सांगितलं, पैसे तिच्याकडे आहेत. म्हाताऱ्याने मला बसायला क्रेट दिलं.

इथे पहिली गोष्ट सांगून ठेवते. फोनवर फोटो पाठवणाऱ्या दलालांच्या आधी डिझेल पंपावर आणि बर्फाच्या कारखान्यात चौकशी करा. कुठली बोट रोज बाहेर पडते, कुठली महिनाभर हललेली नाही, कोणाची उधारी थकली आहे, हे तिथे तोंडपाठ असतं. पंपावरच्या पोराला आम्ही नंबर देऊन ठेवला, आणि शेवटी कामाला आला तोच.

रात्री फेरीबोटीने पणजीला गेलो. पायी माणसाला तिकीट नाही, म्हणून मेस्त तीनदा विचारून खात्री करत होते. हुमण, किसमूर, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. सोलकढीत लसूण कमी होती. हे आमचं मत, गोव्याचा दोष नाही.

दुसरा दिवस : बेतूलची राणी

सकाळी पातळ भाजी, उंडे आणि चहा घेऊन बेतूल गाठलं. साळ नदीचं मुख, नारळी आणि रंगवलेल्या होड्या. तिथे फोटोतली ती ४२ फुटी उभी होती. पांढरी शुभ्र, निळा पट्टा, दोन डिझेल मशीनं, वर पाइपांचा मजला आणि मजल्यावर रंगीत खुर्च्या. भावोजींनी बोट बघितली आणि त्यांचा चेहरा मुलगी बघायला गेलेल्या मुलासारखा झाला.

विकणारे गृहस्थ गोड बोलणारे. शहाळी आली. मेस्त शहाळं न पिता थेट मशीनच्या खोलीत उतरले आणि मला हाक मारली.

"वैनी, हात लावन बगा."

मशीन कोमट होतं. सकाळचे साडेआठ, बोट जेटीला बांधलेली, आणि मशीन कोमट.

"सकाळीच तापवन ठेवल्यानी हा," मेस्त हळूच म्हणाले.

थंड डिझेल मशीन पहिल्या झटक्याला उठतं का आणि उठताना कसला धूर सोडतं, यावर अर्धी परीक्षा होते. काळा धूर म्हणजे मशीनवर भार जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थोड्या वेळात गेला तर ठीक, रेंगाळला तर न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी. तापवून ठेवलेलं मशीन यातलं काहीच सांगत नाही. म्हणून जाण्याची वेळ कळवा, पण तासभर आधी पोचा.

मग तासांचा मीटर. आकडा होता ११००. बोट सात वर्षं पर्यटकांना फिरवते असं ते गृहस्थ स्वतःच अभिमानाने सांगत होते. हिशेब माझा विषय. हंगामात २०० दिवस आणि दिवसाला ४ तास धरले तरी वर्षाला ८०० तास होतात. सात वर्षांत ११०० तासच चालली असेल तर धंदा बुडालेला होता, नाहीतर मीटर बदललेला होता. मी विचारलं, तेव्हा आणखी एक शहाळं आलं.

वरचा मजला मात्र मला खरोखर भीतीदायक वाटला. नोंदणीच्या कागदासोबतच्या नकाशात तो नव्हताच. मागाहून पाइप वेल्ड करून बसवलेला. वीस माणसं वर चढली की बोटीचा सगळा भार उंचावर जातो; एका लाटेला कललेली बोट मग सरळ व्हायला वेळ लावते. रंग, खुर्च्या, गाण्यांचे स्पीकर, सगळं त्या मजल्यासाठी.

भावोजी अजून विरघळलेले होते. "मजलो काढून टाकू," म्हणाले. मी पर्समधून दोरी काढली. पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत किती, हे खलाशाला विचारलं. साडेचार फूट. गाठ ३ फूट २ इंचांवर. भावोजींनी दोरीकडे बघितलं, बोटीकडे बघितलं आणि शहाळ्यातली मलई खायला घेतली.

परतताना मेस्तांनी गाडीत जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर बेतूलचा फेरा वाचला असता. २६ फुटांवरून ४२ वर जाणं म्हणजे सोळा फूट वाढले असं वाटतं. पण बोट लांबीबरोबर रुंदीला आणि खोलीलाही वाढते. लांबी दीडपटीहून थोडी जास्त, पण वजन चौपट. नांगर, दोर, रंग, ओढून घ्यायचं भाडं, सगळं वजनामागे जातं. डिझेलचा ढोबळ आडाखाही त्यांचाच : मशीन जेवढी अश्वशक्ती प्रत्यक्ष लावतंय त्याला ५ ने भागा, तासाला साधारण तेवढे लिटर. दोन मशीनं असली की भागून आलेला आकडा बघून गप्प बसावं लागतं.

तिसरा दिवस : फोड

हा दिवस फुकट गेला म्हणायचा, पण एक धडा मिळाला. मांडवीच्या वरच्या अंगाला एका आवारात दोन बोटी बघितल्या. पहिलीच्या मागच्या पाटावर मेस्तांनी हातोडी वाजवली. वर टण्ण, खाली भद्द. भद्द म्हणजे फायबरच्या आतलं लाकूड भिजून कुजलेलं. बाहेरून पाट आरशासारखा चकचकीत.

दुसरी पावसाळ्यात वर ओढलेली, अजून पाण्यात उतरली नव्हती. खालच्या अंगाला बारीक फोड, उन्हाळ्यात मुलांना येतात तसे. मेस्तांनी परवानगी घेऊन एक फोडला. चिकट पाणी आलं. "वास घ्या." आंबट, जुन्या लोणच्यासारखा. फायबरच्या आत वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की असं होतं. चार फोड असले तर घासून भरता येतात, पण हिला देवी आल्या होत्या. म्हणून जुनी फायबर बोट होता होईल तो जमिनीवर बघावी, आणि नुकतीच खालून रंगवलेली असली तर जास्तच संशयाने.

दुपारी तीनला परतीच्या पावसाने गाठलं. अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा झाला. आम्ही एका तावेर्नाच्या पडवीत उभे. मालकीणबाईंनी न विचारता रस ऑम्लेट आणलं, भावोजी आणि मेस्तांनी फेणीचा घोट घेतला, मी लिंबूसोडा. विजा कडाडत होत्या आणि बाई शांतपणे सांगत होत्या की त्यांच्या सासऱ्यांचाही पडाव होता आणि तो विकला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. बोटी विकत घ्यायला निघालेल्या माणसांना ऐकवायला बरी गोष्ट!

तेवढ्यात पंपावरच्या पोराचा फोन आला. बेतीपासून जवळच, एका आतल्या खाडीत ३४ फुटी बोट. मालक सहा महिन्यांपूर्वी गेले, मुलाला दर्याची आवड नाही.

चौथा दिवस : तांडेल

मुलगा खरंच काही जाणत नव्हता. मशीन कुठल्या सालचं, विचारा तांडेलाला. जस्त कधी बदललं, विचारा तांडेलाला. तांडेल म्हणजे बोट चालवणारा; हा कुमट्याकडचा, पन्नाशीचा, नऊ वर्षं याच बोटीवर. बोट विकली की त्याची नोकरी जाणार, आणि दाखवायचं कामही त्याच्यावरच. मला वाटलं होतं, हा काही धड बोलणार नाही. पण मालकाचा मुलगा फोनवर बोलत लांब गेला तसा तो म्हणाला, "बाये, म्हाका विचार," आणि एकेक दोष दाखवायला लागला. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या तोंडातून पाणी जरा जास्त टपकतं. उजवीकडची डिझेलची टाकी तळाला गंजली आहे. एकदा खडकाला घासली होती, इथे, हे बघा, शिवलेलं. मीटर तीन वर्षं बंद आहे, पण ऑइल बदलल्याच्या तारखा मशीनच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेल्या. मी त्या मोजल्या. दर दीड-दोन महिन्यांनी एक, पावसाळा सोडून.

मेस्तांनी ऑइलची कांडी पांढऱ्या रुमालावर पुसली. काळं होतं, म्हणजे बरं होतं; दुधाच्या चहासारखं दिसलं असतं तर आत पाणी शिरलेलं. मशीन थंडगार होतं, उठताना पांढरट धूर आला आणि मिनिटभरात विरला.

खालून बघायची तर भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी, नुकतीच सरलेली, पाणी अजून पुरतं उतरत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी, पौर्णिमेलाच गेलो असतो तर ओहोटीला बोट उताऱ्यावर टेकवून फुकटात बघता आली असती. ते सुचलं नाही, म्हणून स्लिपवर ओढायचे ६ हजार आम्ही भरले. सुकाणूजवळचे जस्ताचे तुकडे निम्मे खाल्ले गेलेले. हे चांगलं लक्षण : जस्त झिजतं म्हणून पंखा आणि शाफ्ट टिकतात. जस्त कोरं दिसलं, किंवा रंगवणाऱ्याने त्यावरही ब्रश फिरवलेला असला, तर ते काम करत नाही असं समजावं.

मग दोरी. पाण्याच्या रेषेपासून पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत, रिकाम्या बोटीला, २ फूट ७ इंच. गाठीपर्यंत सात इंच उरले.

पण रिकामी बोट घेऊन धंदा होत नाही. परत पाण्यात उतरल्यावर मी बाहेरच्या अंगाला खडूने रेघ मारली आणि आवारातल्या सगळ्यांना चढायला सांगितलं. वेल्डर, रंगारी, चहावाला, मालकाचा मुलगा, मिळून वीस जण. रेघ अडीच इंच बुडाली. लोक हसत होते. चहावाल्याने फोटो काढला.

मांडवीत चालवून बघितली. मशीन पूर्ण जोरावर वीस मिनिटं ठेवा, पाच मिनिटांनी समाधान मानू नका. कंपनीने सांगितलेले फेरे गाठले नाहीत तर पंखा चुकीचा, नाहीतर तळाला कालवं धरलेली. आमचे गाठले. उष्णता ८२ वर स्थिर. तरी मेस्तांनी खारं पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण उघडलं. आतल्या रबरी चक्राची दोन पाती तुटून गेलेली.

"दोन पाती गेली कुठे?" मी विचारलं.

"खय जातली? गेली असतली भायर," मेस्त म्हणाले, आणि नवीन चक्र बसवायचं ठरलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

मागणी १६ लाखांची होती. टाकी, शाफ्टची पॅकिंग, जस्त, बंद मीटर, एकेक ओळ मी वहीत लिहून त्यापुढे रक्कम मांडली. मुलाने वहीच मागून घेतली, बराच वेळ वाचली. १३ लाख ४० हजारांवर सौदा झाला. टोकन दिलं, बाकी रक्कम नाहरकत दाखला हातात आल्यावर.

मधला महिना

कागदांचा महिना लवकर उरकते, कारण कोणी अडवलं नाही, फक्त फेऱ्या पडल्या. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने एका राज्यातली नोंदणी दुसऱ्या राज्यात चालते, हे ऐकून आम्ही निर्धास्त होतो. पण मालकी बदलायला नोंदणी केलेल्या ठिकाणचा, म्हणजे गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचा, दाखला लागतो. आणि आमच्याकडे प्रवासी बसवायचे तर मेरीटाईम बोर्डाची तपासणी आणि परवाना. नदीच्या कागदांवर समुद्रातून बोट आणायची तर त्या एका फेरीची परवानगी वेगळी. टोकन देण्याआधी तीन गोष्टी ताडून बघा : मशीनवर कोरलेला नंबर कागदाशी जुळतो का, बोटीवर बँकेचा बोजा आहे का, आणि बंदराचे पैसे थकलेत का. मालक वारलेले असतील तर वारसांच्या सह्या. आमच्या बाबतीत एक बहीण दुबईला राहणारी निघाली; त्यातच बारा दिवस गेले.

पाचवा दिवस : त्रिपुरी पौर्णिमा

मुद्दाम पौर्णिमा धरली. आमच्याकडे पौर्णिमेला भरती दुपारी अकरा-साडेअकराला असते. त्या पाण्यावर कर्लीच्या मुखातून आत शिरायचं. पहाटे पावणेसहाला निघालो. भावोजी, मेस्त, मी आणि तांडेल. घरापर्यंत पोचवतो, म्हणाला होता. पैसे ठरवलेच नाहीत.

रेईश मागूशचा किल्ला काळोखातच मागे पडला. आग्वादला वळसा घातला तेव्हा पूर्व उजळत होती. जमिनीवरून मतलय वारा येत होता, गार, ओल्या गवताचा वास घेऊन. समुद्र असा की तेल ओतलंय. हरमलच्या समोर डॉल्फिन आले आणि रोज डॉल्फिन दाखवून पोट भरणारे भावोजी लहान पोरासारखे नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, धावले. तेरेखोलला महाराष्ट्र लागला. तिथून पुढे सागरी पोलिसांनी थांबवून कागद आणि आधार कार्डं बघितली. फायली प्लॅस्टिकच्या डब्यात वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

शिरोडा मागे टाकलं आणि उष्णतेचा काटा चढायला लागला. ८२, ८६, ९१. तांडेलाने न विचारता फेरे कमी केले. वेंगुर्ल्यासमोर साडेनऊला नांगर टाकला, तेव्हा ९५ झालं होतं. चाळणी साफ होती. नवीन चक्र धड होतं. मेस्त माझ्याकडे बघत नव्हते.

खाऱ्या पाण्याने मशीन थंड ठेवणाऱ्या कूलरचं झाकण थंड होईस्तोवर थांबायला लागलं. आम्ही काल घेतलेले पाव आणि केळी खाल्ली, वेंगुर्ल्याचं दीपगृह बघितलं. झाकण उघडलं तर आत, नळ्यांच्या तोंडावर, चपट्या पडलेल्या दोन रबरी पाती. त्यांच्याभोवती मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. जुना पंप दमलेला होता, तेव्हा त्या कुठेतरी पडून होत्या. नव्या चक्राच्या जोराने येऊन नळ्यांवर बसल्या. मेस्तांनी दोन्ही काढून माझ्या हातावर ठेवल्या. "हिशेब जुळलो," एवढंच म्हणाले. तुमच्या पंपाचं पातं तुटलेलं सापडलं तर ते सापडेपर्यंत शोधा.

साडेदहाला नांगर उचलला. काटा ८० वर. निवतीचा डोंगर, भोगव्याची पांढरी वाळू, आणि पावणेबाराला कर्लीचं मुख. भरभरून पाणी. तांडेलाने सुकाणू भावोजींच्या हातात दिलं. इथली वाळू त्यांना ठाऊक. काठावर अख्खी वाडी. नाळेवर हार, नारळ, आणि थोरल्या काकांनी गाऱ्हाणं घातलं. "होय महाराजा" म्हणताना तांडेलही म्हणत होता. जेवायला सुरमई होती. जेवण झाल्यावर भावोजी त्याला घेऊन पडवीत बसले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, पण कुमट्याला जाणारी संध्याकाळची गाडी त्याने धरली नाही.

साडेपाचला सुकती तळाला आली. देवळात दीपमाळ लावायला सगळे निघाले होते, आम्ही मात्र खाडीत. पुतण्याने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बोटीखाली बुडी मारली. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग डोकं वर आलं, मागोमाग हात, बोटं पसरलेली.

"काकी, वाळूत नि पंख्यात चार बोटां!"

डिझेल भरलेलं होतं. माणसं अजून चढायची होती.